नॅशचा समतोल की नाशाचा समतोल : काही नावे, काही संज्ञा

प्रश्न

आदरणीय सर, सादर नमस्कार. मी कोल्हापुरात गणिताच्या पदव्युत्तर वर्गात शिकते. मराठी भाषा गौरव दिनानिमित्त आमच्या विभागात प्रत्येकाने आपल्या अभ्यासविषयावर मराठीतून निबंध वाचायचा आहे आणि मी जॉन नॅश या गणितज्ञाचे काम निवडले आहे. तयारी करताना एका छापील पत्रिकेत मला 'नॅश समतोल' या त्यांच्या नावाच्या संज्ञेऐवजी 'नाश समतोल' असा शब्दप्रयोग आढळला आणि तो मुद्रणदोष आहे हे माझ्या लक्षात येण्यापूर्वी मी संपूर्ण परिच्छेद त्याच अर्थाने वाचून गेले होते. त्यावरून मनात तीन शंका आल्या. या गणितज्ञांच्या नावांना काही अर्थ आहेत का, आणि असल्यास त्यांचा उल्लेख निबंधात करावा का? नॅशच्या कामाचा विषय असलेल्या 'गेम थिअरी'ला, म्हणजे ज्या प्रसंगांत एकाचे फळ इतरांच्या निर्णयांवरही अवलंबून असते त्यांच्या गणिताला, खेळ सिद्धांत, क्रीडा सिद्धांत, द्यूत सिद्धांत, डावपेच सिद्धांत अशी निरनिराळी नावे दिसतात. त्यांतील कोणते घ्यावे? आणि नॅशच्या प्रबंधाच्या शीर्षकातील 'नॉन-कोऑपरेटिव्ह गेम्स' या संकल्पनेसाठी 'असहकारी खेळ' हा शब्द योग्य होईल का?

उत्तर

तुमच्या पत्रातील मुद्रणदोषाची गोष्ट किरकोळ वाटेल, पण मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते, म्हणून तेथूनच आरंभ करतो. अक्षरावरील अर्धचंद्र जाऊन तेथे काना पडला की इंग्रजीतून आलेला शब्द बहुधा निरर्थक होतो आणि निरर्थक झाल्यामुळेच चूक उघडी पडते. 'टॅक्सी'ची 'टाक्सी' झाली तर वाचक तेथे अडखळतो. 'नॅश'चा 'नाश' झाला तर मात्र तो अडखळत नाही, कारण 'नाश समतोल' या जोडशब्दाचा मराठीत अर्थ लागतो, आणि तो अर्थ विषयाला अगदीच परकाही नाही. शीतयुद्धाच्या काळात दोन अण्वस्त्रधारी सत्ता परस्परांच्या संपूर्ण विनाशाच्या धास्तीने हात आखडून बसतात, या कल्पनेचा ऊहापोह याच शास्त्राच्या आधाराने झाला होता. त्यामुळे 'नाश समतोल' म्हणजे विनाशाच्या धाकाने टिकलेला समतोल, असे वाचकाने समजून घेतले तर त्याच्याकडे बोट दाखवता येणार नाही. अर्थपूर्ण चूक ही निरर्थक चुकीपेक्षा अधिक काळ जगते, म्हणून या एका आडनावावरचा अर्धचंद्र जपावा.

आता त्या आडनावाचा अर्थ. युरोपात 'ॲश' नावाचा एक वृक्ष आहे. त्याच्या चिवट लाकडाचे अवजारांना दांडे करतात. मध्ययुगीन इंग्रजीत 'ॲटन ॲश' म्हणजे 'ॲश वृक्षापाशी'. जो त्या झाडापाशी राही त्याची ओळख तशी सांगितली जाई आणि बोलता बोलता पहिल्या शब्दाच्या अखेरचा 'न' पुढच्या शब्दाला जाऊन चिकटला व 'नॅश' झाले. आपल्या 'नारिंग' या शब्दाच्या बाबतीत नेमके उलटे घडले. संस्कृतातील 'नारंग' फारसी-अरबी वाटेने युरोपात पोहोचला आणि तेथे त्याचा आरंभीचा 'न' सुटून इंग्रजीत तो 'ऑरेंज' झाला. एका शब्दाने 'न' मिळवला, दुसऱ्याने गमावला; दोन्ही ठिकाणी कारण एकच, की शब्द कोठे तोडायचा हे कानाने ठरवले.

या शास्त्रातील इतर नावेही अर्थवाही आहेत. १९२८ मध्ये दोन व्यक्तींच्या शून्य बेरजेच्या, म्हणजे एकाची जीत तेवढीच दुसऱ्याची हार असलेल्या, खेळांचा पायाभूत सिद्धांत मांडणारे फॉन नॉयमन यांचे आडनाव जर्मन असून त्याचा अर्थ 'नवा माणूस' असा होतो. त्यातील 'फॉन' हे मूळ आडनाव नव्हे. १९१३ मध्ये त्यांच्या वडिलांना ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सम्राटाकडून सरदारकी मिळाली, तिची ती खूण आहे. बुडापेस्टमध्ये जन्मलेल्या या गणितज्ञाचे पहिले नाव हंगेरीत यानोश, जर्मनीत योहान आणि अमेरिकेत जॉन असे होत गेले. मराठी बायबलमधील 'योहान' तो हाच, आणि मूळ हिब्रूत त्याचा अर्थ 'परमेश्वराने कृपा केली' असा आहे. १९४४ मध्ये खेळांच्या सिद्धांतावरील आणि आर्थिक वर्तनावरील विख्यात ग्रंथ त्यांनी ज्यांच्यासह लिहिला त्या ऑस्कर मॉर्गेनस्टर्न यांच्या आडनावाचा अर्थ 'पहाटतारा', म्हणजे आपली शुक्राची चांदणी. १९९४ मध्ये नॅश यांच्यासह अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळालेल्या दोघांपैकी यानोश हार्शान्यी यांच्या आडनावाच्या अखेरीस जो 'ई' आहे, तो हंगेरियन भाषेत आपल्या 'कर' या प्रत्ययाचे काम करतो. हार्शान्यचे ते हार्शान्यी, जसे इचलकरंजीचे इचलकरंजीकर. हंगेरीत आडनाव आधी आणि नाव नंतर लिहितात, ही पद्धत आपल्या शाळांच्या हजेरीपटावर ज्यांनी पाहिली आहे त्यांना परकी वाटणार नाही.

तिसरे मानकरी राइनहार्ट झेल्टन. जर्मनमध्ये 'झेल्टन' म्हणजे 'क्वचित'. त्यांनी १९७५ मध्ये 'थरथरत्या हाता'ची कल्पना मांडली. खेळाडू कितीही विचारी असला तरी त्याचा हात क्वचित थरथरतो आणि भलतीच चाल खेळली जाते. अशा क्वचित होणाऱ्या चुकांची शक्यता गृहीत धरूनही जो समतोल टिकतो तोच खरा मानावा, असे त्यांचे म्हणणे होते. नाव 'क्वचित' आणि काम क्वचित घडणाऱ्या चुकांवर, हा योग मला फार सुंदर वाटतो. परंतु तो योगच आहे. त्यातून काही सिद्ध होत नाही, आणि निबंधात त्याचा उल्लेख केलात तर योग म्हणूनच करावा.

याचे कारण असे की विशेषनाम एकदा रुळले की त्याचा अर्थ इतिहासात जमा होतो आणि वापरात उरते ती केवळ ओळख. आपण 'करवीर तालुका' म्हणतो तेव्हा संस्कृतात 'करवीर' म्हणजे कण्हेर, हे कोणाच्या मनात येत नाही. पेठ वडगावला जाणारा मनुष्य वडाच्या झाडाचा विचार करीत नाही. 'नॅश समतोल' या संज्ञेत त्याच न्यायाने ॲश वृक्षाला जागा नाही. नावाचा ध्वनी मात्र बिनचूक राखावा. पारिभाषिक संज्ञेचे याच्या उलट असते; तिच्यातील प्रत्येक मराठी शब्दाचा अर्थ वाचकाच्या मनात जिवंत असतो आणि तो गणिताला वळण लावू शकतो. म्हणून नावांचे भाषांतर करण्याच्या मोहात पडू नये आणि संज्ञांचे भाषांतर करताना घाई करू नये.

तुमच्या दुसऱ्या शंकेविषयी माझे मत मध्यंतरी बदलले आहे, हे प्रथम सांगायला हवे. अनेक वर्षे मला 'गेम'साठी 'डाव' हाच शब्द योग्य वाटत होता. पत्त्यांचा डाव, भातुकलीचा डाव, क्रिकेटमधील पहिला डाव, कुस्तीतील डाव आणि कोणी कोणावर रचलेला डाव, इतक्या अर्थच्छटा एका अक्षरसमूहात सामावल्या आहेत की या शास्त्रासाठीच तो घडला असावा, असे वाटे. परंतु १९४४ च्या त्या ग्रंथात लेखकांनी आरंभीच एक भेद केला आहे. खेळ म्हणजे त्याच्या सर्व नियमांचा समुच्चय. आणि त्या नियमांनी आरंभापासून शेवटपर्यंत प्रत्यक्ष एकदा खेळून होणे ही निराळी गोष्ट. बुद्धिबळ हा खेळ आहे. काल संध्याकाळी दोघे जण ओसरीवर बसून जे खेळले तो त्याचा एक डाव. मराठीत हे दोन शब्द आधीपासूनच वेगळे आहेत, हे आपले भाग्य आहे. म्हणून शास्त्राचे नाव 'खेळ सिद्धांत' ठेवावे आणि 'डाव' हा शब्द दुसऱ्या अर्थासाठी राखावा. 'क्रीडा' म्हटले की मैदान आणि शारीरिक कसरत डोळ्यांपुढे येते. 'द्यूत' म्हटले की सर्व भार नशिबावर आणि पणावर जातो. महाभारताच्या सभेतील द्यूत आठवून कोणी बुद्धिबळाकडे पाहणार नाही. नॉयमन यांच्या १९२८ च्या जर्मन निबंधाच्या शीर्षकात ज्या खेळांचा निर्देश आहे ते चार माणसांत बसून खेळायचे, म्हणजे आपण ज्यांना 'बैठे खेळ' म्हणतो ते होत. त्यामुळेही 'खेळ' हाच शब्द मुळाशी जवळचा आहे.

'स्ट्रॅटेजी'साठी मी 'व्यूह' सुचवीन. या शास्त्रात त्याचा अर्थ केवळ एखादी युक्ती असा नाही. खेळात जी जी परिस्थिती उद्भवू शकेल त्या प्रत्येकीत मी काय करीन, याची आधीच ठरलेली संपूर्ण योजना म्हणजे व्यूह. अभिमन्यूला चक्रव्यूहात शिरण्याचे ज्ञान होते, बाहेर पडण्याचे नव्हते. या शास्त्राच्या भाषेत त्याच्यापाशी शौर्य होते, पण त्याच्या बाजूचा व्यूह नव्हता, कारण त्याची योजना अर्ध्यावर संपत होती. एका प्रसंगी एकदा जे केले जाते ती 'चाल'. शाहू स्टेडियमवर पेनल्टी घेणारा खेळाडू प्रत्येक वेळी डावीकडेच मारू लागला तर गोलरक्षक तिकडेच झेपावेल, म्हणून त्याने कधी डावीकडे, कधी उजवीकडे मारावे आणि त्यांचे प्रमाण मात्र विचारपूर्वक ठरवलेले असावे. त्याला 'मिश्र व्यूह' म्हणावे. खेळाडूंची संख्या आणि प्रत्येकापुढील पर्याय मर्यादित असतील तर मिश्र व्यूहांत किमान एक समतोल, म्हणजे जेथून एकट्याने हलण्यात कोणालाच लाभ नसतो अशी स्थिती, असतेच, हे नॅश यांनी १९५० मध्ये सिद्ध केले. त्या वेळी ते एकवीस वर्षांचे होते आणि त्यांचा प्रबंध जेमतेम अठ्ठावीस पानांचा होता.

तालमीतून आलेली पुस्ती

सर, नमस्कार. मी आयुष्यभर तालमीत वावरलेला माणूस आहे आणि आता मुलांना शिकवतो. आपण 'डाव' या शब्दाची जी वाटणी केली आहे ती पत्त्यांच्या बैठकीला लागू पडेल, पण खासबागेच्या मातीत ती चालणार नाही. आमच्याकडे दोन मल्लांची जी झुंज होते तिला 'कुस्ती' म्हणतात, 'डाव' नव्हे. डाव म्हणजे ढाक, घिस्सा, एकलंगी, कलाजंग. आणि प्रत्येक डावाला तोड असते. पठ्ठ्याला डाव शिकवताना तोडही त्याच दिवशी शिकवावी लागते. म्हणजे आपण ज्याला चाल म्हणता त्याला आम्ही डाव म्हणतो. आणखी एक गोष्ट आपल्या कानावर घालतो. कुस्तीच्या आरंभी खडाखडी होते, तेव्हा दोघेही एकमेकांचे हात झटकत, मान तोलत फिरत असतात आणि पाहणाऱ्याला वाटते की काहीच घडत नाही. वास्तविक दोघांनाही ठाऊक असते की जो आधी घुसेल त्याच्यावर तोड बसेल. तुमचा समतोल तो हाच काय?

उत्तर

वस्ताद, आपली हरकत मला मान्य आहे आणि ती कोल्हापुरातूनच यावी हे योग्यच झाले. 'डाव' या शब्दाला बैठकीत एक आणि आखाड्यात दुसरा अर्थ आहे; त्यांपैकी कोणताही चुकीचा नाही. पारिभाषिक लेखनात एका शब्दाला एकच अर्थ नेमून द्यावा लागतो, म्हणून लेखिकेने पहिल्याच पानावर 'येथे डाव हा शब्द पत्त्यांच्या डावाप्रमाणे वापरला आहे' असे स्पष्ट लिहावे आणि कुस्तीचे उदाहरण देताना आपली भाषा जशीच्या तशी ठेवावी. 'तोड' हा शब्द आपण दिलात याबद्दल मी आभारी आहे. प्रतिस्पर्ध्याच्या ठरलेल्या व्यूहावर जो सर्वांत लाभदायक व्यूह असतो त्यासाठी 'सर्वोत्तम प्रतिसाद' असा कोरडा शब्दप्रयोग मी आजवर करीत आलो. 'सर्वोत्तम तोड' हा त्याहून नेमका आणि मराठी आहे. नॅश समतोल म्हणजे जेथे प्रत्येकाचा व्यूह हा इतरांच्या व्यूहांवरील सर्वोत्तम तोड असतो ती स्थिती, इतके सोपे वाक्य मला आपल्यामुळे सुचले.

खडाखडीविषयी आपण म्हणता ते समतोलाच्या फार जवळचे आहे, कारण एकट्याने पवित्रा बदलण्यात दोघांनाही तोटा दिसतो. कुस्ती हा शून्य बेरजेचा खेळ आहे, एकाची जीत तेवढीच दुसऱ्याची हार. नॅश यांचे खरे कर्तृत्व मात्र ज्या खेळांत दोघांचेही भले किंवा दोघांचेही वाईट होऊ शकते, त्यांच्याविषयी आहे. तेथे आखाड्यातलाच दुसरा शब्द उपयोगी पडतो. १९५० मध्ये मेरिल फ्लड आणि मेल्विन ड्रेशर यांनी मांडलेल्या एका खेळाला नॅश यांचेच मार्गदर्शक ॲल्बर्ट टकर यांनी दोन कैद्यांच्या गोष्टीचे रूप दिले; गप्प राहावे की दुसऱ्याविरुद्ध कबुली द्यावी, हे प्रत्येकाला दुसऱ्याला न विचारता ठरवायचे असते. त्याला 'कैद्यांची द्विधा' असे म्हटल्याचे मी वाचले आहे. 'द्विधा' ही एकाच मनाची अवस्था असते. येथे एकाचा निर्णय दुसऱ्याच्या निर्णयात गुंतलेला आहे. 'पेच' मूळचा फारसी, अर्थ पीळ. पतंगांचा पेच दोन दोऱ्यांखेरीज पडत नाही आणि कुस्तीतला पेच दोन अंगांखेरीज. म्हणून 'कैद्यांचा पेच'.

पुढील प्रश्न

सर, 'असहकारी' या शब्दाविषयी आपले मत अद्याप कळले नाही. शिवाय एक नवीन अडचण उभी राहिली आहे. आमचे गुऱ्हाळ आहे. कैद्यांचा पेच बाबांना समजावून सांगताना मी गुळाचे उदाहरण घेतले. समजा दोन गुऱ्हाळे आहेत. दोघांनीही रंग खुलवण्याची रासायनिक पावडर न घालता गूळ केला तर प्रत्येकाला क्विंटलमागे ३०० रुपये सुटतात. एकानेच पावडर घातली तर त्याच्या पिवळ्याधमक रव्यांना, म्हणजे गुळाच्या ढेपांना, सौद्यात चढा भाव मिळून त्याला ४०० सुटतात आणि दुसऱ्याला १०० वर समाधान मानावे लागते. दोघांनीही घातली तर कोणाचाच गूळ उठून दिसत नाही, पावडरीचा खर्च मात्र होतो आणि प्रत्येकी २०० उरतात. दुसरा काहीही करो, आपण पावडर घालण्यातच आपल्याला शंभर रुपये अधिक सुटतात. म्हणून दोघेही घालतात आणि नॅश समतोल २०० वर येऊन थांबतो, असे मी सांगितले. त्यावर बाबांनी विचारले, "दोघांचंही नुकसान होत असेल तर त्याला समतोल कशाला म्हणायचं?" मला उत्तर देता आले नाही.

उत्तर

तुमच्या वडिलांनी विचारलेला प्रश्न या संपूर्ण चर्चेतील सर्वांत खोल प्रश्न आहे. मराठीत 'समतोल' हा गौरवाचा शब्द आहे. समतोल आहार, समतोल विचार, समतोल वृत्ती. जेथे जेथे तो येतो तेथे तेथे काहीतरी हितकारक, न्याय्य, पारड्यात नीट तोललेले असे सुचवतो. गणितातील मूळ संकल्पनेत हिताचा किंवा न्यायाचा लवलेशही नाही; तेथे इतकेच सांगितले आहे की या जागेवरून एकट्याने हलण्यात कोणालाही लाभ नाही. वाटी उपडी करून तिच्या तळावर गोटी ठेवली काय किंवा वाटीत खाली सोडली काय, ती जेथे थांबते त्या जागेची ती स्तुती होत नाही. इंग्रजी शब्दालाही काही अंशी हा दोष आहे, पण मराठीत तो अधिक जाणवतो, कारण आपण 'समतोल' हा शब्द रोजच्या बोलण्यात उपदेशासाठी वापरतो.

'कोंडी' हा शब्द मी तपासून पाहिला. गुऱ्हाळाच्या उदाहरणात तो चपखल बसतो. परंतु रस्त्याच्या डावीकडून वाहने चालवणे हाही एक नॅश समतोल आहे, आणि त्यात कोणाचीही कोंडी होत नाही, उलट सर्वांची सोय होते. म्हणजे 'समतोल' शब्दात स्तुती अधिक आहे आणि 'कोंडी' शब्दात निंदा. यातून मार्ग नॅश यांच्याच शब्दांत सापडतो. १९५० च्या आपल्या छोट्या टिपणाच्या शीर्षकात त्यांनी नुसता समतोल म्हटलेला नाही, 'समतोल बिंदू' म्हटले आहे. 'बिंदू' हा शब्द जोडताच स्तुती गळून पडते; समतोल आहाराची आठवण मागे राहते आणि आलेखावरची एक जागा डोळ्यांपुढे येते. म्हणून निबंधात सर्वत्र 'नॅश समतोलबिंदू' असे लिहावे. एका खेळात असे बिंदू अनेक असू शकतात, हेही 'बिंदू' म्हटल्याने सहज समजते.

'असहकारी' हा शब्द मात्र मी कोल्हापुरात तरी वापरणार नाही. येथे 'सहकारी' म्हटले की साखर कारखाना, दूध संघ, पतसंस्था आणि वार्षिक सर्वसाधारण सभा आठवते, आणि 'असहकार' म्हटले की गांधीजींनी १९२० मध्ये पुकारलेले आंदोलन. दोन्ही अर्थ इतके बलवान आहेत की गणिताचा अर्थ त्यांच्यापुढे उभा राहू शकत नाही. मूळ भेद वृत्तीचा नाहीच. असहकारी म्हटलेल्या खेळातील खेळाडू एकमेकांशी प्रेमाने वागू शकतात, बोलूही शकतात. त्यांना फक्त असा करार करता येत नाही जो मोडल्यास कोणी बाहेरून तो पाळायला भाग पाडील. तुमच्या उदाहरणातील दोन्ही गुऱ्हाळवाले पारावर बसून पावडर न घालण्याच्या आणाभाका घेऊ शकतात. त्या शपथेला बंधन नाही, म्हणून तो खेळ या वर्गातला. ज्या खेळात बंधनकारक करार शक्य असतात त्याला 'सकरार खेळ' आणि नॅश यांच्या प्रबंधातील खेळाला 'बिनकरार खेळ' म्हणावे, असे मला वाटते. 'बिनकरार' हा शब्द कानाला नवा लागेल. पण 'बिनविरोध' आणि 'बिनशर्त' ज्या भाषेत रुळले तेथे तोही रुळेल.

विद्यार्थिनीचे टिपण

सर, आपण व वस्ताद दोघांच्याही सूचना घेऊन मी व्याख्या पुन्हा लिहिली आहे : 'बिनकरार खेळात ज्या स्थितीत व्यूह बदलून कोणत्याही खेळाडूचा लाभ होत नाही, तिला नॅश समतोलबिंदू म्हणतात.' बाबांना ती वाचून दाखवली. ती योग्य आहे का, कृपया कळवावे.

उत्तर

अद्याप नाही. 'व्यूह बदलून कोणत्याही खेळाडूचा लाभ होत नाही' असे म्हटले तर दोघांनी मिळून बदलल्यासही लाभ होत नाही असा अर्थ निघतो, आणि तुमच्याच उदाहरणात दोघांनी मिळून पावडर सोडली तर प्रत्येकी शंभर रुपये वाढतात. व्याख्येत दोन शब्दसमूह घालावे लागतील : 'इतर सर्वांचे व्यूह आहेत तसेच राहिले असता' आणि 'एकट्याने'. वाक्य लांब झाले तरी चालेल. ते दोन्ही घालून वडिलांना पुन्हा वाचून दाखवा आणि 'एकट्याने' या शब्दाशी थोडे थांबा. त्यांच्या प्रश्नाचे उत्तर त्या शब्दात आहे.